आत्याची खुर्ची

चहाचे कप गार झाले तरी आत्या खाली आली नव्हती. थोरले मनगटावरच्या घड्याळाकडे बघत नव्हते, पण बघत नाहीयेत हे सगळ्यांना दिसेल इतकं ठरवून बघत नव्हते.

"येईल," चिऊ म्हणाली. "तिला उशिरा यायला आवडतं."

चिऊ म्हणजे मधल्या भावाची मुलगी. बाहेर तिला सगळे संचालक मॅडम म्हणतात, केसांत पांढरं दिसायला लागलंय, पण घरात ती चिऊच राहिली. मधला भाऊ गेल्यापासून निवास तीच चालवते. मोठ्या इस्पितळाच्या मागच्या रस्त्यावरची ही तीन मजली इमारत तिच्या आजोबांनी, आबांनी, उभी केली. बाहेरगावचे पेशंट आणि त्यांची माणसं उपचार संपेपर्यंत इथे फुकट राहतात, स्वतःचं स्वतः शिजवतात आणि सकाळी रिपोर्टची पिशवी काखेत मारून इस्पितळाच्या रांगेत जाऊन उभी राहतात.

तळमजल्यावरच्या बैठकीच्या खोलीत एक टेबल आणि पाच खुर्च्या. चार भरल्या होत्या. थोरले, त्यांच्या शेजारी थोरली काकू, समोर धाकटे, म्हणजे वकील, आणि चिऊ. पाचवी आत्याची. ती या दोघा भावांची बहीण. लग्न केलं नाही, वरच्या मजल्यावरच्या कोपऱ्यातल्या खोलीत राहते, आणि भावांना मुलं झाल्यापासून भाऊसुद्धा तिला आत्याच म्हणतात.

आता ही खुर्चीची भानगड सांगायलाच हवी. आबांनी ट्रस्ट केला तेव्हा घटनेतच लिहून ठेवलं, की मोठा निर्णय पाचही खुर्च्या भरल्याशिवाय व्हायचा नाही. ज्याला पटलं नाही त्याने यायचं नाही. कारण द्यायचं नाही, वाद घालायचा नाही. बाहेरच्या ओट्यावरचे दिवे लागेपर्यंत खुर्ची रिकामी राहिली की तो नकार. आणि त्या माणसाला बोलवायला कुणी जायचं नाही, जिन्यातून हाकसुद्धा मारायची नाही. लोक हसायचे. पण आबांनी हे आजीसाठी केलं होतं. आजीला चार पुरुषांसमोर 'नाही' म्हणता यायचं नाही. तिला गोड बोलून, समजावून, घोळात घेऊन होकार वदवून घ्यायचे आणि मग ती कितीतरी दिवस धड जेवायची नाही. तेव्हा आबा म्हणाले, तुला नको असेल तर नुसती येऊ नकोस, तुझ्यामागे कुणी येणार नाही. इतका मायेचा नियम दुसऱ्या कुठल्या ट्रस्टात असेल असं मला वाटत नाही.

त्या दिवशी टेबलावर जो प्रश्न होता तो सगळ्यांना पाठ होता. एक मोठं फाउंडेशन निवासाचा रोजचा खर्च उचलायला तयार झालं होतं. रोजचा खर्च. हे शब्द ऐकायला चिऊ किती वर्षं तरसली होती, ते देणग्यांच्या मागे फिरलेल्या माणसालाच कळेल. देणारे कमी नव्हते. नवी खोली बांधून देतो आणि दारावर वडिलांच्या नावाची पाटी लावतो म्हणणारे पुष्कळ. जुने कपडे आणून टाकणारे पुष्कळ. मुलीच्या वाढदिवसाला केक घेऊन येणारे, आणि ज्याच्या तोंडात औषधांनी फोड आलेत त्याला तो भरवून फोटो काढणारे तर पोत्याने. पण चादरी उकळणाऱ्या बाईचा पगार, गटार, रात्रीची नर्स, सडलेले पाइप, यांच्यावर पाटी लावता येत नाही, त्यामुळे त्यांना कुणी विचारत नाही. आत्याची खोली सोडली तर वरचे दोन्ही मजले बंद पडले होते. पाणी चढत नव्हतं, लिफ्ट चालत नव्हती. फाउंडेशन नाही आलं तर पावसाळ्यानंतर निवासाला कुलूप, इतकी सरळ गोष्ट होती.

अट आता एकच उरली होती. ट्रस्टवर बाहेरची माणसं घ्यायची आणि घराण्याने एकच जागा ठेवायची. उत्तर आजच द्यायचं होतं.

"मी काय म्हणतो," धाकटे म्हणाले, "अटींमध्ये ते फोटोचं कलम आहे ना, ते मी गाळून घेतलंय. आत्याला तेच खुपत होतं. पेशंटचे फोटो नाहीत, गरिबीचे दाखले नाहीत. तिला कागद दिलाय मी वाचायला."

"कागद वाचून तिचं मत बदललं असं एकदा तरी झालंय का?" थोरल्यांनी विचारलं.

तेवढ्यात वर काहीतरी धाडकन आपटलं. टेबलावरचा चमचा हलला. चौघांनीही छताकडे पाहिलं.

"ऐकलंत?" थोरले म्हणाले. "कपाटाचं दार."

आत्याचा राग त्या लोखंडी कपाटावर निघतो हे घरात सगळ्यांना माहीत होतं. आबा गेले त्या वर्षी तिने ते इतक्यांदा आपटलं की बिजागरी बदलावी लागली. चिऊने खाली मान घातली. तिला आश्चर्य वाटलं नाही.

"हे तिचं उत्तर," थोरले म्हणाले.

*

आत्या कपाट आणि पलंग यांच्यामध्ये पडली होती. कपाटाचं दार उघडंच होतं. पडताना तिने त्याला धरलं आणि ते भिंतीवर आदळलं.

आधी तिला वाटलं पाय घसरला. मग तिने उठायला हात टेकला, तर हात तिथे नव्हताच. होता, दिसत होता, पण दुसऱ्या कुणाचा तरी असावा असा. एका पायात बूट होता, दुसरा पलंगाखाली. अंगावर इस्त्रीचे कपडे. चांगले कपडे काढायला तिला वेळ लागला होता आणि केस विंचरायला तिने मुद्दाम आणखी वेळ लावला होता. खाली सगळ्यांचा जीव टांगणीला लागलेला असणार, जरा लागू दे, असं ती आरशात बघून हसलीसुद्धा होती. थोरल्या भावाचं तोंड कसं पडेल ते तिला बघायचं होतं.

कारण ती हो म्हणायला चालली होती.

हे तिने कुणाला सांगितलं नव्हतं. सकाळी दारात एक बाप आला होता, मुलीला खांद्यावर घेऊन. इस्पितळाचा कागद दाखवत होता. आत्याने त्याला सांगितलं, खोली नाही. वर रिकाम्या खोल्या आहेत पण पाणी नाही, आणि असल्या आजारात पाण्याशिवाय ठेवता येत नाही. ती भांडणाच्या तयारीत होती. लोक भांडतात, रडतात, ओळखी सांगतात, त्याची तिला सवय होती. हा म्हणाला, बरं मावशी, तुम्ही तरी काय करणार. आणि तिचे आभार मानून समोरच्या फुटपाथवर जाऊन बसला. आत्या दुपारपर्यंत खिडकीशी उभी होती. बाहेरची माणसं आली तर लोकांना गरिबीचा पुरावा मागतील, आबांनी असं कधी कुणाला विचारलं नाही, हे ती वर्षभर घसा कोरडा करून सांगत होती. तिला आता स्वतःचीच चीड आली. इथे दारच बंद, आणि आपण आत कोणाला कसं वागवायचं त्यावर भांडतोय.

तिने हाक मारली. तिला वाटलं मारली. तोंडातून नुसता वारा आला.

खालून आवाज येत होते. शब्द कळत नव्हते, पण कोण बोलतंय ते कळत होतं. दादा. मग वहिनी. मग बराच वेळ चिऊ. आत्याला वाटलं, आवाज ऐकला असेलच, आता येतील. आणि मग तिच्या लक्षात आलं की कुणी येणार नाही. मागे एकदा धाकटा असाच बसला नव्हता बैठकीला, आणि चिऊ त्याला बोलवायला निघाली होती. जिन्याशी तिला कुणी अडवलं होतं? आत्यानेच. दंडाला धरून. "पाऊल टाकलंस तर आबांचा मान ठेवला नाहीस असं समजेन," असं म्हणाली होती.

तिला खूप भीती वाटली. लहानपणी वाटायची तशी.

*

"मी जाऊन येते वर," थोरली काकू म्हणाली. "नुसती बघून येते."

"जायचं नाही," थोरले म्हणाले.

"का? मी काही तिला ओढून आणत नाही."

"वहिनी, तुम्ही वर गेलात म्हणजे गेलातच," धाकटे म्हणाले. ते बोलत असताना कागद सरळ करत होते, कोर्टात करतात तसे. "उद्या ती म्हणाली, मला भरीला पाडलं, तर सगळा ठराव रद्द होईल. फाउंडेशनसमोर आपण तोंडघशी पडू."

काकूने चिऊकडे पाहिलं. या खोलीत हो म्हणण्याची सगळ्यात जास्त निकड चिऊलाच होती. ती नुसती मान हलवती तर काकू चढली असती.

"नको, काकू," चिऊ म्हणाली. "आपण गेलो तर ती येईल. मला माहितीये ती येईल, माझ्यासाठी येईल. पण मग तो होकार तिचा नसेल. आजीचं जे व्हायचं तेच."

मला विचाराल तर चिऊ आयुष्यात याहून चांगलं वागली नाही, आणि तिला त्याची याहून मोठी शिक्षा कधी झाली नाही.

काकू खाली बसली. पण तिचं डोकं तापलं होतं आणि तापलेलं डोकं घेऊन गप्प बसायचं वय तिचं आता राहिलं नव्हतं. ती नवऱ्याकडे वळली.

"तुम्ही का हो इतके खूश?"

"मी कुठे खूश आहे?"

"ती आली नाही म्हणून सुस्कारा टाकलात मघाशी. मी बघितलं."

"काहीतरीच तुझं."

"काहीतरीच नाही. तुम्हाला हे नकोच होतं. आबांचं नाव जाईल, बाहेरचे लोक येऊन तुमच्या खुर्चीत बसतील. मग तुम्ही का बसलात आज? तुम्ही नाही आलात तरी झालं असतं की काम."

थोरल्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. धाकट्यांनी कागदातून डोकं वर काढलं.

"दादा? खरंय हे?"

"मी थोरला आहे," थोरले म्हणाले. "उद्या निवास बंद पडलं तर लोक मला विचारतील. म्हणतील, थोरल्याने बुडवलं."

"म्हणून बहिणीच्या आड लपलात," काकू म्हणाली. "ती नाही म्हणेल हे धरून चाललात आणि स्वतः शहाण्यासारखे येऊन बसलात. नाव तिचं खराब, घर तुमच्या मनासारखं."

"तोंड सांभाळ."

"लग्न होऊन आले तेव्हापासून सांभाळतेच आहे. आपल्या घरी पाहुणे आले तर त्यांना झोपायला धड गादी नसायची, कारण गाद्या निवासात. पोरांच्या सुट्ट्या निवासात. माझं बाळंतपण झालं तेव्हा तुम्ही इथे पंप दुरुस्त करत होता. मला कधी कुणी विचारलं? मला ट्रस्टी केलं ते पाचवं माणूस लागत होतं म्हणून. मी आज हो म्हणायला आलेय, आणि कशासाठी म्हणाल तर मला सुटायचंय. झालं? सांगितलं."

धुलाईच्या खोलीतलं यंत्र घरघरत होतं.

"मलाही," धाकटे हळूच म्हणाले.

चिऊने त्यांच्याकडे पाहिलं. धाकटे काका तिचा मोठा आधार होते. फाउंडेशनशी बोलणी त्यांनीच केली होती, एकेका कलमासाठी भांडून.

"काका, तुम्हालाही?"

"चिऊ, रागावू नकोस. मी थकलोय गं. दरवर्षी तेच. पाटीवाल्याची समजूत काढा, फोटोवाल्याला नाही म्हणा, आणि शेवटी स्वतःच्या खिशात हात घाला. मला वाटलं, चांगल्या हातात देऊन टाकू आणि मोकळे होऊ. त्यात काय चूक?"

"चूक काही नाही," चिऊ म्हणाली. "फक्त मला वाटत होतं की इथल्या माणसांसाठी हो म्हणायला आपण चौघं बसलोय. तुम्हाला सुटायचंय, काकूला सुटायचंय, थोरल्या काकांना नकोच आहे. मग मी कुणाच्या जिवावर चालवत होते हे?"

सगळे त्या पाचव्या खुर्चीकडे बघू लागले. गंमत अशी, की त्या क्षणी चिऊला वाटलं, निदान आत्या तरी प्रामाणिक आहे. पटलं नाही म्हणून आली नाही. तिच्या नकारात कुणाची चलाखी नाही, कुणाचा कंटाळा नाही.

बाहेर अंधारून आलं. नर्सबाईंनी नेहमीप्रमाणे येऊन ओट्यावरचे दिवे लावले. आत काय चाललंय ते त्यांना ठाऊक नव्हतं.

थोरले उठले. "दिवे लागले," एवढंच म्हणाले.

चिऊने फोन उचलला. फाउंडेशनच्या मॅडम पलीकडे वाटच बघत होत्या. चिऊने त्यांचे आभार मानले आणि सांगितलं की विश्वस्तांचं एकमत झालं नाही. मॅडम म्हणाल्या, मला फार वाईट वाटतं, तुमच्यासारखं काम मी कुठे पाहिलं नाही. चिऊ म्हणाली, हो. फोन ठेवून ती जिन्याकडे वळली.

*

निर्णय झाल्यावर वर जायला बंदी नव्हती. चिऊ एकेक पायरी चढली ती भांडायला. तिला एकदाचं सगळं बोलून टाकायचं होतं.

दाराबाहेरच ती थांबली. आत दिवा नव्हता. म्हणजे अजून राग गेला नाही.

"झालं," ती बंद दाराला म्हणाली. "कळवलं मी त्यांना. झालं तुझ्या मनासारखं. आता कुलूप लावू, किल्ली माझ्याकडे दे म्हणालीस तर तुझ्याकडे देते. आबांनी हे केलं असतं का गं? तूच सांग. तू मला म्हणायचीस ना, माणसासाठी नियम असतो. मग आजचं काय ते? निदान बोल तरी. एवढा वेळ मी खाली बसले होते, एकदासुद्धा तुला बोलवायला आले नाही. तुझा मान ठेवला. माझा तू ठेवलास?"

आत काही हललं नाही.

"आत्या?"

मग तिने दार ढकललं.

पुढचं सगळं भराभर झालं. इस्पितळ समोरच, त्यामुळे स्ट्रेचर लगेच आलं. जिन्यावरून उतरवताना थोरले पुढे होते, आणि इतक्या वेळात पहिल्यांदा त्यांनी बहिणीचा हात धरला. धाकटे सारखे म्हणत होते, "किती वेळ झाला असेल? किती वेळ?" काकूने त्यांना गप्प केलं. तिला उत्तर ठाऊक होतं, आणि बाकीच्यांनाही. चमचा हलला होता तेव्हापासून.

इस्पितळातल्या डॉक्टरांनी सांगितलं, लवकर आणलं असतं तर बराच फरक पडला असता.

*

आत्या वाचली. उजवी बाजू गेली, वाचा गेली. डोळे उघडे असत, पण कळतं किती ते सांगता येत नाही असं डॉक्टर म्हणाले. तिला निवासातल्याच तळमजल्यावरच्या एका खोलीत ठेवलं. चिऊ तिला भरवायची, पुसायची, कूस बदलायची.

आणि मग फाउंडेशनच्या मॅडमचा फोन आला. कुठूनतरी त्यांच्या कानावर गेलं होतं. त्यांनी मन मोठं केलं. आमच्या पुढच्या बैठकीत मी हा विषय परत घेते, म्हणाल्या. तुमच्या पाचही विश्वस्तांचं ठरलं तर कळवा.

चौघं आत्याच्या खोलीतच जमले. तिला एकटं ठेवायचं नाही म्हणून.

"कायद्याने दोन रस्ते आहेत," धाकटे म्हणाले. "आत्या असमर्थ आहे असं कोर्टाकडून ठरवून घ्यायचं आणि तिच्या जागी दुसरं माणूस घ्यायचं. त्याला वर्षं जातील, तोवर निवास राहत नाही. दुसरा..." ते अडखळले. "घटनेत फक्त म्हटलंय, खुर्ची भरलेली असावी. बोलण्याची अट नाही. सही नाही. आत्याला उचलून टेबलाशी बसवलं तर..."

"तर होकार," काकू म्हणाली. "मग बसवू या. आजच बसवू."

"एका बाईने नाही म्हटलं," थोरले म्हणाले. "तिला आता हलता येत नाही म्हणून तिला उचलून हो म्हणायला बसवायचं? आबांनी आजीसाठी केलेला नियम आहे हा. थोडी तरी लाज वाटू द्या."

"ती नाही म्हणाली कशावरून? इस्त्रीचे कपडे घातले होते. पायात बूट होता."

"रोज संध्याकाळी ती बूट घालूनच पेशंटमध्ये फिरते. आणि इस्त्रीचे कपडे ती काय फक्त आपल्यासाठी घालते? वर्षभर ती काय बोलत होती ते विसरलीस? या खोलीतल्या प्रत्येकाला तिने तोंडावर सांगितलंय."

ते खरंच होतं.

"चिऊ सांगेल तसं करू," धाकटे म्हणाले. "तिने केलंय हे सगळं. मी तिच्या बाजूने."

काकू म्हणाली, "मीही." थोरल्यांनी भिंतीकडे तोंड केलं.

आत्याला प्रत्येक शब्द कळत होता. डॉक्टरांना काय माहीत. इतक्या दिवसांनी तिच्या छातीत काहीतरी हललं. बसवा मला, ती मनात म्हणाली. उचला आणि बसवा, आत्ताच्या आत्ता. कपडे नको बदलायला, केस नको विंचरायला. बसवा.

चिऊ पलंगाच्या कडेला बसली. तिने आत्याचा हात हातात घेतला, नेमका तो, ज्याला स्पर्श कळत नव्हता.

"आत्या, माझं ऐकू येतंय का गं? तुला टेबलाशी न्यायचं म्हणताहेत. नेऊ? तुझ्या मनाविरुद्ध नाही नेणार. तुला नको असेल तर मला काहीतरी कळू दे."

आत्याने जीव एकवटला. मान हलवायची होती, पापणी मिटायची होती, काहीही. तिचा सगळा जोर डोळ्यांत गेला आणि डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. थांबेना. गालावरून, कानात, उशीवर.

"बघ," थोरले म्हणाले, आणि भिंतीकडून वळून पलंगाशी आले. "कशाला छळता तिला? रडतेय ती. नको म्हणतेय."

धाकट्यांनी डोळ्यांवर हात घेतला. काकू म्हणाली, "अगं, डॉक्टर म्हणाले होते ना, या आजारात उगीचच पाणी येतं," पण ते तिने इतक्या खालच्या आवाजात म्हटलं की तिचा त्यावर विश्वास नव्हता हे कळत होतं.

चिऊ बराच वेळ आत्याच्या तोंडाकडे बघत राहिली. तिला निवास हवं होतं. इतकं हवं होतं, की आत्याच्या डोळ्यांत होकार दिसला तर तो आपल्याच हावेने दिसतोय असं तिला वाटलं असतं. म्हणून तिने स्वतःला तो दिसूच दिला नाही. पदराने तिने आत्याचे डोळे पुसले.

"नाही न्यायचं," ती म्हणाली. "आणि हे आता परत कुणी विचारायचं नाही."

फाउंडेशनला तिने दुसऱ्या दिवशी कळवलं.

पावसाळा संपता संपता निवास रिकामं झालं. शेवटचे पेशंट गेले, चादरी दुसऱ्या संस्थेला दिल्या, भांडी कुणी कुणी नेली. त्या दिवसांत रोज सकाळी दारात माणसं यायची आणि चिऊ त्यांना पत्ते लिहून द्यायची, ज्या पत्त्यांवरच्या जागा भरलेल्या आहेत हे तिला माहीत होतं. संध्याकाळी ती आत्याला चाकाच्या खुर्चीत बसवून खिडकीशी आणायची, हवा लागावी म्हणून. समोरच्या फुटपाथवर इस्पितळाच्या भिंतीला टेकून लोक पथाऱ्या पसरत. आधी नव्हते इतके.

कुलूप लावायचं त्या दिवशीही तिने तिला खिडकीशी आणलं. गाडी यायला वेळ होता. चिऊ तिच्या पायांशी जमिनीवर बसली आणि लहानपणी टेकायची तसं तिच्या गुडघ्याला डोकं टेकलं.

"सगळे मला मूर्ख म्हणताहेत," ती म्हणाली. "म्हणोत. सगळं गेलं, आत्या, काही उरलं नाही. पण तुझा शब्द मी मोडला नाही. निदान तेवढं तरी मला जमलं."

आत्या तिच्या केसांकडे बघत राहिली. चिऊने वर पाहिलं, तिचे ओले गाल पुसले, आणि गार वारा लागतोय म्हणून खिडकी लावून घेतली.